नाव कोणाचे आणि हात कोणाचा?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या वक्त्याच्या आवाजाने सभागृहाच्या भिंती हलतात त्याला आपल्याकडे 'मुलुखमैदान तोफ' म्हणण्याची चाल आहे. आमचा आवाज वर्गातल्या चाळीस मुलांपुरताच. तेव्हा ते बिरूद आम्हांस लागू पडण्याची भीती नाही. पण आजच्या विषयाचा आरंभ मात्र त्या तोफेपासूनच करावयाचा आहे. आपणांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. बेळगावाहून विजापुरास जाणाऱ्या शाळांच्या सहलींत गोल घुमटानंतर मुलांना ती दाखविण्याचा परिपाठच आहे. शेरझा बुरुजावर ठेवलेली ही ओतीव तोफ सुमारे पंचावन्न टन वजनाची असून तिच्या तोंडाशी जबडा पसरलेल्या हिंस्र पशूचा आकार कोरलेला आहे. मुले त्या जबड्यात डोके घालून पाहतात आणि पुढे पळतात. तोफेच्या अंगावर काय लिहिले आहे, हे विचारणारा विद्यार्थी विरळाच.

तेथे तीन गोष्टी लिहिल्या आहेत. एका लेखात अहमदनगरच्या निजामशहाचे नाव असून हिजरी ९५६, म्हणजे इसवी सन १५४९ हे वर्ष आहे. दुसऱ्या लेखात, हे काम मुहम्मद बिन हुसैन रूमी याचे, असे म्हटले आहे. तिसरा लेख पुष्कळ नंतरचा. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर जिंकले, तेव्हा मुलुखमैदान आपल्या ताब्यात आल्याचे त्याने त्याच तोफेवर कोरवून घेतले. म्हणजे वस्तू एक आणि नावे तीन. एकाने पैसा दिला, दुसऱ्याने ती ओतली आणि तिसऱ्याने ती जिंकली. आणि ज्यांनी भट्ट्या पेटविल्या, धातू वितळविला, ती अहमदनगराहून परांड्यास आणि तेथून विजापुरास ओढून नेली, त्यांचे नाव त्या सबंध धातूवर कोठेही नाही.

आता आम्ही आपणांस विचारतो, ही तोफ कोणाची? 'कर्ता' हा शब्द आपण व्याकरणात सहज शिकतो; परंतु इतिहासात कर्ता शोधणे किती कठीण असते, ते या एका तोफेवरून ध्यानी यावे. आजचा आमचा विषय हाच आहे. एखाद्या ग्रंथाचा किंवा युक्तीचा खरा कर्ता कोण, हे कसे ओळखावे, कशाने मोजावे, आणि ते मोजण्याची आपणांस गरज काय? उदाहरणे आम्ही आशिया खंडातील शस्त्रविद्येच्या इतिहासातून घेणार आहोत; कारण खोट्या नावांचा सुळसुळाट तेथे जितका आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल.

हा विषय आम्हांस वर्गाने दिला. इतिहासाच्या तासाला, बंदुकीच्या दारूचा शोध कोणी लावला, असा प्रश्न निघाला. एका मुलाने ठासून सांगितले, आपल्या ऋषींनी. ग्रंथात कृती दिलेली आहे. दुसऱ्याने तितक्याच आवेशाने अरबांचे नाव घेतले. तिसऱ्याने बर्थोल्ड श्वार्त्स नावाच्या जर्मन साधूचे नाव कोठेतरी वाचले होते. एका मुलीने हळूच 'चीन' म्हटले. पण तिचा आवाज कोणी ऐकला नाही. आम्ही या वादात न्यायाधीश व्हावे, अशी मुलांची अपेक्षा होती. आणि आमचे नाव लक्षात घेऊन आम्ही कोणाच्या बाजूने बोलणार, याचा अंदाजही काहींनी आधीच बांधून ठेवला होता. शिक्षकाची कसोटी अशाच वेळी लागते. निकाल सांगून टाकणे सोपे. निकाल कसा लावावयाचा हे शिकविणे हे खरे काम.

प्रथम ऋषींच्या पक्षाचा विचार करू. मद्रासमध्ये संस्कृतचे अध्यापन करणारे गुस्ताव ऑपर्ट यांनी १८८० मध्ये प्राचीन हिंदूंच्या शस्त्रांविषयी एक पुस्तक लिहिले आणि बंदूक व दारू भारतात अतिप्राचीन काळी होती, असे प्रतिपादिले. त्यांचा मुख्य आधार शुक्रनीती. या ग्रंथावर नाव आहे दैत्यगुरू शुक्राचार्यांचे. त्यात लहान आणि मोठी 'नालिका' वर्णिली आहे आणि 'अग्निचूर्णा'ची कृतीही दिली आहे. सोरा पाच भाग, गंधक एक भाग आणि रुई, निवडुंग इत्यादींचा कोळसा एक भाग. शुक्राचार्यांचे नाव खरे मानले तर वाद तेथेच मिटतो.

परंतु नाव बाजूस ठेवा आणि तराजू हाती घ्या. पाच, एक, एक या प्रमाणात सोरा शेकडा एकाहत्तर भरतो. चीनमध्ये सुंग घराण्याच्या सम्राटाच्या आज्ञेने त्संग कुंगल्यांग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १०४४ मध्ये 'वू चिंग त्सुंग याव' हा युद्धविद्येचा संग्रह पुरा केला. दारूच्या कृती नोंदविणारा हा अत्यंत जुना ग्रंथ. त्यातील कृतींत सोरा निम्म्याच्या आसपासच आहे आणि त्याबरोबर तेल, राळ, अशी कितीतरी भर घातलेली आहे. म्हणजे दारू अजून चाचपडत होती. ती जळे, भडके, पण गोळा दूर फेकण्याचे बळ तिला आले नव्हते. सोऱ्याचे प्रमाण सत्तर-पंचाहत्तरापर्यंत चढविले पाहिजे आणि तीन पदार्थांखेरीज बाकी सर्व गाळून टाकले पाहिजे, हे कळावयास पिढ्यान्‌पिढ्यांचे भाजलेले हात खर्ची पडले. अशी पिकलेली, सुटसुटीत कृती ज्या ग्रंथात आयती आढळते, त्यातील तो भाग या धडपडीनंतरचा असला पाहिजे, हे उघड आहे. लल्लनजी गोपाल यांनी तर १९६२ मध्ये, सबंध शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकातील रचना आहे, असे मांडले. काही अभ्यासक तिचा काही भाग त्याहून जुना मानतात. पण बंदुकीचा भाग शुक्राचार्यांच्या काळचा आहे, असे म्हणण्यास आधार उरत नाही.

हे सांगताना कोणाच्या श्रद्धेला धक्का द्यावा, असा आमचा हेतू नाही. जुन्या काळी आपली कृती थोरांच्या नावावर सोडणे हे नम्रतेचेही लक्षण समजले जाई. तो लेखक फसवणारा होता असे नव्हे. आपल्याला मोजता येत असताना न मोजता ओरडणे, ही फसवणूक आहे.

येथे एका थोर मराठी संशोधकाचे स्मरण करणे आमचे कर्तव्य आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ मध्ये १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास प्रसिद्ध केला. ओरिसाचा राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या कृती आहेत, हे त्यांनी दाखविले. आणि भारतीय आतषबाजीच्या कृतींचे मूळ चीनकडे जाते, येथील कारागिरांनी त्यांत येथील पदार्थ घातले, असा निष्कर्षही काढला. संत एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नप्रसंगी उडविलेल्या दारूचे वर्णन येते, त्याचीही नोंद त्यांनी घेतली आहे. त्यावरून द्वारकेत श्रीकृष्णाच्या लग्नात हवाया उडाल्या, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सोळाव्या शतकात महाराष्ट्रातील लग्नांत त्या उडत होत्या, हे मात्र निश्चित होते. ग्रंथ कशाविषयी बोलतो यापेक्षा तो कोठे उभा राहून बोलतो, हे पाहण्याची दृष्टी ती हीच.

दुसरी अडचण शब्दांची. वस्तू बदलते, पण शब्द तोच राहतो. आपल्या बखरींत आणि पत्रांत 'बाण' येतात, ते पुष्कळदा धनुष्याचे नसून दारू भरलेले, जळत जाणारे बाण असतात. 'सुरुंग' म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दारूचा स्फोट उभा राहतो. पण कौटिलीय अर्थशास्त्रात 'सुरुंगा' म्हणजे नुसते भुयार. आणि हा शब्दच ग्रीकांच्या 'सिरिंक्स' या शब्दावरून आला असे विद्वान मानतात. अरबीत 'बारूद' हे आरंभी सोऱ्याचे नाव होते, पुढे त्याच शब्दाने बंदुकीची दारू ओळखली जाऊ लागली. आणि 'दारू' या शब्दाची तर गंमतच आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. चिनी भाषेत या पदार्थाला जे नाव आहे त्याचा अर्थही 'अग्नी-औषध' असाच होतो. लढाईतला हा राक्षस मुळात वैद्याच्या आणि किमयागाराच्या खलबत्त्यात जन्मला, ही आठवण दोन्ही भाषांनी जपून ठेवली आहे. तात्पर्य, जुन्या ग्रंथात ओळखीचा शब्द दिसला म्हणून ओळखीची वस्तू तेथे होती असे समजू नये.

हीच गत 'शतघ्नी'ची. शंभरांना मारणारी म्हणून तिला तोफ ठरविणारे अनेक झाले. अर्थशास्त्रात ती यंत्रांच्या यादीत येते. पण टीकाकार तिचा अर्थ तटावर ठेवलेला, अणकुचीदार खिळे मारलेला प्रचंड खांब, असा सांगतात. त्याच ग्रंथात शत्रूच्या किल्ल्यास आग लावण्याच्या ज्या कृती आहेत त्यांत देवदार, गुग्गुळ, राळ, लाख आणि जनावरांची लीद आहे, सोरा नाही. सोरा नाही तेथे बंदुकीची दारू नाही. साध्या यादीचे नीट वाचन केले तरी निम्मे वाद मिटतात.

आता अर्थशास्त्राचाच विषय निघाला आहे, तर कर्तृत्व मोजण्याची जी खरी नवलाची रीत आहे तिच्याकडे वळू. म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयात रुद्रपट्टण शामशास्त्री यांना १९०५ मध्ये या ग्रंथाचे हस्तलिखित मिळाले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. तेव्हापासून प्रश्न सुरू झाला, की हा सबंध ग्रंथ चंद्रगुप्ताच्या मंत्र्याने लिहिला काय? मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग १९६० ते १९६५ या काळात सिद्ध करणारे आपले र. पं. कंगले यांचे मत, ग्रंथ मूलतः कौटिल्याचाच, असे होते. त्यांचा व्यासंग इतका दांडगा की त्यांच्या मताला विरोध करावयाचा तर तितकाच पक्का पुरावा हवा. १९७१ मध्ये टॉमस ट्राउटमन यांनी वेगळ्या तऱ्हेचा पुरावा आणला. त्यांनी काय केले? त्यांनी 'च' आणि 'वा' मोजले!

आपणांस हसू येईल. पण थोडे थांबावे. आमच्याकडे मुले घरून निबंध लिहून आणतात. कोणता निबंध मुलाचा आणि कोणता वडिलांचा, हे ओळखावयास आम्हांस मोठमोठे शब्द पाहावे लागत नाहीत. मोठे शब्द कोणीही उसने घेतो. पण 'आणि' लिहिणारा मुलगा अचानक 'व' लिहू लागला, 'पण'च्या जागी 'तथापि' आला, वाक्ये दुप्पट लांबली, की कळते, लेखणी दुसऱ्या हातात गेली. माणूस अलंकार निवडून घालतो. पण 'च', 'वा', 'तर', 'पण' ही अव्यये त्याच्या हातून नकळत पडतात. चालण्याची लकब जशी लपत नाही, तशीच ही.

या रीतीचा आद्य पुरस्कर्ता आपल्या देशात जन्मला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुरेचा. १८५१ मध्ये त्यांनी एका मित्राला पत्रात सुचविले, की शब्दांची सरासरी लांबी मोजून बायबलातील पॉलच्या नावावरील पत्रे एकाच्या हातची आहेत की नाहीत, हे पाहता येईल. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेतील मेंडेनहॉल यांनी शब्दांच्या लांबीचे आलेख काढले. पण ही विद्या पक्क्या पायावर आली ती १९६४ मध्ये. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पंचाऐंशी लेखांपैकी बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षे चालू होता. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी क्षुल्लक शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरी, तर मॅडिसन पाच-सहा हजारांत एखादे वेळी. असे अनेक शब्द एकत्र तोलून बाराही लेखांचे माप मॅडिसनच्या पारड्यात पडले.

ट्राउटमन यांनी तीच तऱ्हा संस्कृतला लावली. अर्थशास्त्राची मोठमोठी अधिकरणे त्यांनी परस्परांशी ताडून पाहिली, तेव्हा दुसरे, तिसरे आणि सातवे ही अधिकरणे एका हातची वाटेनात. कोणी कारभार जाणणारा, कोणी न्यायव्यवहार जाणणारा, कोणी परराष्ट्रनीतीत मुरलेला, अशा वेगवेगळ्या जाणकारांचे लेखन पुढे कोणीतरी एकत्र गुंफले, असा त्यांचा निष्कर्ष. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनीही २०१३ मध्ये या ग्रंथात एकावर एक चढलेले थर दाखविले आहेत. येथे एक सावधगिरी हवी. विषय बदलला की अव्ययेही थोडी बदलतात, लेखनिकही भर घालतो. म्हणून नुसत्या मोजणीवर फाशी देता येत नाही. शब्द, पदार्थ, व्यापाराच्या वस्तू, राज्यांची नावे, अशा इतर साक्षीदारांना बोलवावेच लागते. पण साक्षीदार म्हणून 'च' आणि 'वा' फार प्रामाणिक, कारण त्यांना कोणी शिकवून आणलेले नसते.

ग्रंथ अनेकांचा ठरला म्हणून तो लहान झाला काय? आमच्या मते उलट. एक अलौकिक मंत्री असणे हा त्या देशाचा योग. पण किल्ला, कोठार, न्यायसभा आणि हत्तीखाना यांचे इतके सूक्ष्म ज्ञान असणारे अनेक लोक पिढ्यान्‌पिढ्या असणे, ही त्या देशाची संपत्ती.

आता एकाच समाजाला बोल लावल्याचे पातक नको. चीनने बंदुकीच्या दारूचा शोध लावला, याबद्दल आज शंका उरलेली नाही. तरीही मोठ्या नावाचा मोह तेथेही सुटला नाही. मिंग काळच्या 'हुओ लुंग चिंग' या अग्निशस्त्रांवरील ग्रंथावर ज्याव यू आणि ल्यू ची यांची नावे आहेतच. शिवाय त्याच्या एका भागावर जूगे ल्यांगचेही नाव घातलेले आढळते. हा बुद्धिमान सेनानी इसवी सन २३४ मध्ये वारला. चीनमध्ये दारूची पहिली चाहूल लागली ती त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी! म्हणजे चीनचा शुक्राचार्य चीनमध्येच होता. जोसेफ नीडम यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दारूच्या इतिहासाच्या खंडात हे सारे धागे उकलून दाखविले. युरोपातील बर्थोल्ड श्वार्त्सची कथाही आज अभ्यासक दंतकथाच समजतात.

आणि आमच्या स्वतःच्या समाजाचे काय? सर्व विद्या अरबांनी निर्मिल्या, असे सांगणारी पुस्तके आमच्याकडेही वाचली जातात. त्यांना आम्ही हसन अल्-रम्माह दाखवितो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शाम देशात होऊन गेलेल्या या अश्वारोही लेखकाने लाकडाच्या राखेच्या पाण्याने सोरा शुद्ध करण्याची रीत लिहून ठेवली आणि दारूच्या शंभरावर कृती दिल्या. त्याच्या अग्निबाणांच्या कृतींत सोरा सत्तर-पंचाहत्तरापर्यंत पोहोचलेला दिसतो. ही मोठीच कामगिरी. पण तो स्वतः काय म्हणतो? ही विद्या मला माझ्या वाडवडिलांपासून आणि उस्तादांपासून मिळाली. आणि त्याच्या ग्रंथात पदार्थांची नावे कोणती? चिनी बाण, चिनी फूल, चिनी चक्र! जो स्वतः इतक्या मोकळेपणाने ऋण मान्य करतो, त्याच्या नावाने आपण अहंकार करावा, हा त्याचाच अपमान आहे. त्याचा खरा वारसा म्हणजे घेतलेले सांगणे आणि सुधारलेले देणे.

दरबारातही कर्त्याचे नाव कसे सरकते, त्याचे एक उदाहरण आपल्या दख्खनशी निगडित आहे. विजापूरच्या आदिलशाही दरबारातील विद्वान फत्तेउल्ला शिराझी १५८३ मध्ये अकबराकडे गेला. अबुल फजलाच्या 'आइन-इ-अकबरी'त सतरा नळ्या एकत्र जोडून एका बत्तीने उडविण्याची तोफ आणि सोळा बंदुकांच्या नळ्या एकदम साफ करणारे चाक, हे बादशहाचेच शोध म्हणून नोंदले आहेत. पण निजामुद्दीन अहमद आपल्या 'तबकात-इ-अकबरी'त चाकाच्या साहाय्याने बारा बंदुकांचे काम करण्याची युक्ती शिराझीच्या नावे लिहितो. आज लोकप्रिय पुस्तके सर्वच श्रेय शिराझीला देतात. खरे कसे असेल? बादशहाला यंत्रांचा छंद होता, शिराझीला यंत्रशास्त्राचे ज्ञान होते. आणि तिसरा जो लोहार, ज्याने ती चाके घासून एकमेकांत बसविली, त्याला लेखणीच मिळाली नाही.

टिपूच्या राज्यातही हेच. 'फत्हुल मुजाहिदीन' हा सैन्यशिक्षणाचा ग्रंथ टिपूचा म्हणून प्रसिद्ध. लिहिला तो त्याच्या आज्ञेने झैनुल आबिदीन शुस्तरी याने. म्हैसूरच्या अग्निबाणांनी १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना हैराण केले. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर ते बाण इंग्लंडला गेले आणि थोड्याच वर्षांत विल्यम काँग्रिव्हच्या नावाचे रॉकेट युरोपच्या युद्धांत उडू लागले. आपल्याकडे यावर दोनच उत्तरे दिली जातात. एक म्हणजे 'टिपूने शोधले', दुसरे म्हणजे 'काँग्रिव्हने शोधले'. पण त्या बाणाचे मर्म होते त्याच्या लोखंडी नळीत. कागदाच्या किंवा वेळूच्या नळीपेक्षा लोखंडी नळी आतला दाब अधिक सोसते आणि म्हणून बाण दूर जातो. ते लोखंड ठोकून, वळवून, सांधून देणारा लोहार कोण होता? २०१८ मध्ये आपल्याच कर्नाटकात, शिवमोगा जिल्ह्यातील नगर येथे एका पडक्या विहिरीतून असे हजारावर गंजलेले अग्निबाण निघाले. त्यांत दारूचे अवशेष मिळाले. नाव एकाचेही मिळाले नाही. पण प्रत्येक नळीवर एका हाताचे माप आहे. तिचा व्यास, पत्र्याची जाडी, सांध्याची तऱ्हा हे त्या अनामिकाचे 'च' आणि 'वा' होत. अभ्यासक ते मोजतील तर एक कारखाना होता की अनेक, एकच उस्ताद होता की त्याचे पाच शागीर्द, हेही एक दिवस कळू शकेल.

बंधूंनो, एवढा पसारा मांडण्याचे कारण आता सांगतो. शस्त्राचा शोध ही मुळात अभिमानाने नाचावी अशी गोष्ट आहे काय, हाही प्रश्न आम्हांस पडतो. मुलुखमैदान तोफ ओतणाऱ्याचे कौशल्य थोर. पण तिच्या तोंडासमोर जे उभे होते त्यांचीही नावे कोणी लिहिली नाहीत. तरीही मुले या शोधांवरून भांडतात, आणि मोठी माणसे त्यांना भांडावयास शिकवितात. 'आमच्यांनी शोधले, तुम्ही चोरले', हे वाक्य वर्गातल्या बाकावरून सुरू होते आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबते. आमच्यासारख्या शिक्षकाला, ज्याच्या वर्गात मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात, या वाक्याची किंमत चांगली कळते. ते वाक्य खोडून काढावयास दुसरे तितकेच मोठे वाक्य पुरत नाही; तेथे माप लागते. सोरा किती भाग, ग्रंथाची प्रत कोणत्या वर्षीची, शब्दाचा त्या काळचा अर्थ काय, लेखणी मध्येच बदलली काय, हे विचारावयास जो मुलगा शिकला, त्याला कोणाचा द्वेष करण्यासाठी सहजी वापरता येत नाही. आणि असे मोजून पाहिले म्हणजे दिसते, की चिनी किमयागार, शामी घोडेस्वार, रूमी ओतारी, दख्खनी विद्वान आणि म्हैसूरचा लोहार हे एकाच लांबलचक साखळीचे दुवे आहेत. कोणत्याही एका दुव्याने सबंध साखळी आपली म्हणावी, असे तिचे स्वरूप नाही.

न्यासाने आजवर कित्येक मुलांना पुस्तके व शिष्यवृत्त्या दिल्या. या महोत्सवाच्या वर्षी त्यांना आणखी एक गोष्ट द्यावी, अशी आमची विनंती आहे. न्यासाच्या वतीने एक निबंधस्पर्धा ठेवावी आणि तिचा नियम एकच असावा. मुलाने आपल्या गावातील एक जुनी वस्तू निवडावी. ती तोफ असो, घंटा असो, किल्ल्याचा दरवाजा असो, मशिदीचा वा मंदिराचा शिलालेख असो. तिच्यावर कोणाचे नाव आहे ते लिहावे. ते नाव पैसा देणाऱ्याचे, घडविणाऱ्याचे की जिंकणाऱ्याचे, ते सांगावे. आणि ज्यांचे नाव नाही त्यांनी तेथे कोणते काम केले असेल, ते वस्तू मोजून, पाहून, जाणत्या ओताऱ्याला, लोहाराला, गवंड्याला विचारून लिहावे. जे पुस्तकातून घेतले ते कोणत्या पुस्तकातून, हे सांगितले नाही तर निम्मे गुण कापावेत. घरच्या वडीलमाणसांनी निबंध लिहून देण्यास आमची हरकत नाही; मात्र त्यांनी 'तथापि' जरा जपून वापरावा, कारण आम्ही मोजत असतो.